वरच्या मजल्यावरची कडी

साहेब बंगळुरूहून कसलंसं शिबिर करून आले आणि सोमवारी सकाळीच मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे कम्युनिटी नाही."

मी मनात म्हटलं, आपल्याकडे खाली पंखेही नाहीत. तोंडाने म्हटलं, "हो सर." पंधरा वर्षं नोकरी केलेल्या बाईचं मन एकीकडे आणि तोंड दुसरीकडे चालतं. मला तेव्हा या गोष्टीचा अभिमान वाटायचा. आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी आयटी बघते. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात कामणला, भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका गोदामाच्या पोटमाळ्यावर बसून मी प्रिंटर चालू करते, पासवर्ड विसरलेल्या पुरुषांना पासवर्ड देते आणि सर्व्हर नावाच्या एका गरम खोक्याला थंड ठेवते. मी जूचंद्रला राहते, सगळं गाव सकाळी नायगाव स्टेशनकडे धावतं. मी उलटी, स्कूटीवर, बापाण्याहून हायवेला लागून चिंचोटीला वळते आणि कंटेनरांच्या मागे धूळ खात गोदामात पोचते. खाली साठसत्तर बायका घरगुती सामान खोक्यांत भरतात, चाळण्या, डबे, पायपुसणी, टब. त्या कंपनीच्या नव्हेत, लेबर कंत्राटदाराच्या. वर पत्र्याचा जिना चढून आलं की ऑफिस. तिथे आम्ही नऊ जण, त्यात बाई मी एकटी, आणि आठवड्यातून दोन दिवस येणारी एचआरची मुलगी.

साहेबांना कम्युनिटी हवी होती, म्हणजे नक्की काय हवं होतं, ते त्यांना तरी कुठे ठाऊक होतं. व्हॉट्सॲपचे आमचे सात गट होते. त्यात फुलांचे फोटो, सुप्रभात आणि मधूनच 'गाडी लागली का' एवढंच असायचं. मध्यंतरी एक सुपरवायझर नोकरी सोडून गेला आणि जाताना गटांतल्या गिऱ्हाइकांच्या याद्या फोनमधून घेऊन गेला, तो घाव साहेबांच्या जिव्हारी लागला होता. त्यात शिबिरात कोणीतरी त्यांना सांगितलं की कामगार मनमोकळं बोलले की उत्पादन वाढतं. मनमोकळं. आमच्या साहेबांसमोर शिपाई शिंकतानासुद्धा बाहेर जातो.

"विकत घ्यायचं नाही हां," ते म्हणाले. "ते ओपन सोर्स का काय असतं ते बघा. तीनचार पारखा, कामगारांवर चालवून बघा आणि मला रिपोर्ट द्या."

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता येतो, बदलता येतो आणि जे उचलून आपल्याच सर्व्हरवर बसवता येतं. साहेबांच्या लेखी त्याचा अर्थ फुकट एवढाच होता. मी मात्र खूश झाले. कबूल करते, खूश झाले. प्रिंटरमधला अडकलेला कागद ओढून काढण्यापलीकडे मला काही येतं हे दाखवायची संधी किती वर्षांनी आली होती.

आता काकींबद्दल सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

काकी खाली पॅकिंगला होत्या. पंचावन्नच्या पुढच्या, खाडीकाठच्या गावातल्या, घरची थोडी शेती, थोडा वाल, थोडी भाजी. गोदाम सुरू झालं तेव्हापासूनच्या. गोदामातल्या बायका दुपारी मागच्या शटरपाशी गोलात बसून डबे उघडत. मीही माझा डबा घेऊन खाली जायचे, कारण वर पुरुषांच्या टेबलावर क्रिकेट आणि शेअर बाजार ऐकत भाजी गिळवत नाही. त्या गोलात एक रीत होती. कोणी बसवली माहीत नाही, पण सगळ्या पाळत. कोणाला काही त्रास असला की ती डबा खाता खाता काकींना सांगायची. काकी "बरं" म्हणायच्या. मग संध्याकाळी बस सुटायच्या आधी त्या सुपरवायझरपाशी जाऊन ते सांगायच्या, पण कसं, तर आपलंच असल्यासारखं. "माझी कंबर मोडली, खालचा माल वर रचा." "मना त्या पान्याचा वास येतो." कधीच 'ती म्हणते' नाही, 'आम्ही म्हणतो' नाही. सदा 'मी' आणि 'मना', म्हणजे मला.

सुपरवायझरलाही ठाऊक होतं की कंबर दुसऱ्याच कोणाची तरी आहे. तो विचारायचा नाही, काकी सांगायच्या नाहीत, आणि दहातली चार कामं होऊन जायची. कंत्राटदाराच्या बायकांमध्ये कुरकुर करणारीचं नाव कळलं की पुढच्या महिन्यात तिचं नाव यादीत नसतं. काकींना मात्र कोणी हात लावत नसे, कारण त्या गेल्या तर नव्या पोरींना खोकं बांधायला शिकवणार कोण.

एकदा मीही सांगितलं. वरच्या बायकांच्या बाथरूमला कडी नव्हती. होती, ती मोडली होती, आणि दाराच्या कडेला सुतळी बांधून ठेवली होती. मी आत असताना एकदा कोणीतरी दार ढकललं. सुतळी धरून मी आतून ओरडले आणि तो "सॉरी सॉरी" म्हणत गेला. कोण होता ते आजही माहीत नाही. त्या दिवसानंतर मी ऑफिसमध्ये पाणी प्यायचं सोडलं. साहेबांना सांगायला दोनदा केबिनच्या दारापर्यंत गेले आणि दोन्हीदा प्रिंटरच्या शाईबद्दल बोलून परत आले. 'बाथरूम' हा शब्द त्या माणसासमोर माझ्या तोंडून निघेना. खाली मात्र वालाच्या भाजीशी भाकरी खाता खाता मी काकींना सगळं सांगून टाकलं.

काकींनी हात चाटला आणि म्हणाल्या, "बरं."

तर सॉफ्टवेअर. मी तीन निवडली. पहिलं नुसत्या गप्पांसारखं होतं, पण त्यातले खाजगी गट कुलूपबंद. म्हणजे आत कोण काय बोलतंय ते ॲडमिनलाही, म्हणजे मलाही, वाचता येणार नाही असं. दुसऱ्यात सगळं छान होतं, पण मराठी अक्षरं तुटायची आणि खालच्या स्वस्त फोनवर ते उघडायलाच मिनिट लागायचं. तिसऱ्यात गप्पा, गट, फोटो, नोटिसा आणि 'सूचना व तक्रारी' नावाचा वेगळा फळा होता. कोणी काय लिहिलं, त्याचं काय झालं, कोणी वाचलं, सगळं दिसायचं. मी एक भलामोठा तक्ता केला. बावीस ओळी. मराठी दिसतं का, जुन्या फोनवर चालतं का, बॅकअप कसा, कोड कोण सांभाळतं, शेवटचा बदल कधी झाला, असं काय काय. रविवारीसुद्धा बसले. नवरा म्हणाला, "पगार वाढणार आहे का?" मी त्याच्या अंगावर धावून गेले.

त्या तक्त्यात चौदावी ओळ अशी होती: खाजगी गटातला मजकूर ॲडमिनला वाचता येतो का? पहिल्यापुढे 'नाही', आणि मी तो खाना लाल केला. तिसऱ्यापुढे 'होय', आणि तो हिरवा. शेजारी शेऱ्यात लिहिलं, 'सर्व माहिती कंपनीच्या हाती राहते.' हे मी लिहिलं. माझ्याच या हातांनी.

मग सहा आठवडे तिसरं सॉफ्टवेअर बायकांवर चालवून बघायचं ठरलं. फोन गेटवरच जमा होत, ते जेवणाच्या सुट्टीत परत द्यायची साहेबांनी परवानगी दिली. मी शटरपाशी उभी राहून शिकवायचे. इथे दाबा, इथे लिहा, इथे फोटो. प्रत्येक मजकुराखाली एक छोटा डोळा असतो, तो दाबला की कोणी कोणी वाचलं त्यांची नावं दिसतात. बायकांना त्या डोळ्याची भारी गंमत वाटली. कोण वाचूनही उत्तर देत नाही यावर दोन दिवस चेष्टा चालली.

काकींनी फोन लांब धरून सगळं बघितलं आणि विचारलं, "गो बाय, यान लिवलेलं कोन कोन वाचील?"

"फळ्यावरचं सगळे वाचतील काकी," मी म्हटलं. "पण तुमचा गट वेगळा करून देते. 'डबा' नावाचा. तो फक्त तुमचा. दुसरं कोणी वाचणार नाही."

"साहेब?"

"साहेबही नाहीत."

"नि तू?"

"मी कशाला वाचू?" मी हसून म्हटलं. हे उत्तर नव्हे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. चौदावी ओळ लिहून मला चारच दिवस झाले होते.

काकी म्हणाल्या, "बरं."

सहा आठवडे मजेत गेले, असं मला वाटलं. 'डबा' गटात काय चालतं ते मी खरंच बघितलं नाही. तेवढं तरी केलं, म्हणून मी स्वतःवर खूश होते. फळ्यावर मात्र तक्रारी यायला लागल्या आणि त्या बहुतेक सगळ्या काकींच्या. अर्थातच. बायकांच्या हाती फोन आला होता, रीत थोडीच बदलली होती. डबा खाता खाता काकींना सांगायचं आणि काकींनी एका बोटाने, सावकाश, आपल्या नावाने, आपल्या फोटोखाली लिहायचं. 'माझे पाय सुजतात, उभ्यान काम नाय होत, स्टूल द्या.' 'मना पाचवा महिना हाय, जड खोकी देऊ नका.' 'माझ्या पोराची परीक्षा हाय, शनिवारी सुट्टी पायजे.' आणि एका मंगळवारी, 'वरच्या बाथरूमला कडी नाय, बायमानसान जायचा कसा.'

ते वाचलं तेव्हा मी आधी आजूबाजूला बघितलं, आणि लगेच बरंही वाटलं. चला, सांगितलं गेलं एकदाचं. माझं नाव नाही. एवढाच विचार केला मी. ती तक्रार तोंडी बोलण्यासारखी हवेत विरली नव्हती, काकींच्या फोटोखाली तारखेसकट चिकटून बसली होती, हे मला सुचलं नाही. आणि मी म्हणे आयटीवाली.

रिपोर्ट दिला, आणि पुढच्या गुरुवारी साहेबांनी बोलावलं. केबिनमध्ये एचआरची मुलगीही होती. साहेबांच्या भिंतीवरच्या टीव्हीवर माझं सॉफ्टवेअर उघडलेलं. मला वाटलं, आता कौतुक होणार.

"चांगलंय हं मॅडम," साहेब म्हणाले. "सगळं कसं कळतं बघा. अडतीस तक्रारी. त्यातल्या एकतीस एकाच बाईच्या." आणि त्यांनी काकींच्या फोटोवर बोट ठेवलं. फोटो मीच काढला होता, शटरच्या उजेडात. "एवढा असंतोष एकाच बाईला. हीच खाली आग लावते. आणि हे वाचा, पाचवा महिना."

एचआरची मुलगी तोंडावर हात धरून हसली. साहेबही हसले. मग त्यांचं हसू थांबलं.

"पण कोणाला तरी आहे पाचवा महिना," ते म्हणाले. "कंत्राटदाराला सांगायला हवं. ती कोण?"

ती कोण हे मला माहीत होतं. टेपच्या मशीनवरची, शांत, सैल कुर्ता घालणारी. कंत्राटदाराला कळलं तर दुसऱ्या दिवशी घरी, म्हणून ती जीव मुठीत धरून काम करत होती. गोलातल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

"सर, खाली पद्धत आहे," मी सुरुवात केली. "काकी सगळ्यांच्या वतीने..."

"मग मला खरी नावं द्या. कोणाची कंबर, कोणाचे पाय, कोणाचा महिना. त्यांचा गट आहे ना तो, डबा? तिथे बोलत असतील. उघडा."

"तो खाजगी आहे सर. उघडता येत नाही."

साहेबांनी टेबलावरचा माझा रिपोर्ट उचलला, पान उलटलं आणि माझ्यापुढे सरकवलं. चौदावी ओळ. हिरवा खाना. 'सर्व माहिती कंपनीच्या हाती राहते.' त्याखाली त्यांनी पेनाने रेघ मारून 'उत्तम' असं लिहिलं होतं.

मी उघडला. नाही म्हणता आलं असतं. फार तर काय झालं असतं, साहेब ओरडले असते, प्रिंटर दुरुस्तीला बाहेरून येणाऱ्या पोराला बसवून त्याच्याकडून उघडून घेतलं असतं. पण मी खुर्ची ओढली, माझा पासवर्ड टाकला, गटात शिरले आणि टीव्हीवर 'डबा' उघडला. दोन मिनिटांचं काम.

सहा आठवड्यांचे नुसते फोटो. सुकटाची चटणी. तांदळाच्या भाकऱ्या. कोणाच्या तरी दारातली रांगोळी. हळदीतली नवरी. बोंबलाचं कालवण. साहेब वर वर सरकवत राहिले. एक ओळ मजकूर नाही. अगदी वर, पहिल्या दिवशीचा, काकींचा पहिला आणि एकमेव संदेश होता. मी गट करून दिल्यानंतर अर्ध्या तासात लिहिलेला.

'बायांनो, हिथं खान्यापिन्याचे फोटो टाका. बाकी जे काय हाय ते मना डब्याला तोंडान सांगा. हिथं लिवू नका.'

मला राग आला. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला रागच आला. मी एवढं शिकवलं, उन्हात उभी राहिले, शब्द दिला, आणि या बाईने माझ्यावर कवडीचा विश्वास ठेवला नाही. तो राग मी आत घेऊन बसले होते त्याच केबिनमध्ये, त्याच खुर्चीत, त्यांचा गट माझ्याच हाताने उघडून. मग कान गरम झाले.

साहेबांनी टीव्ही बंद केला. "ठीक. म्हणजे दुसऱ्या कोणाचं नाव नाही. सगळं तिच्याच नावावर." मग काहीतरी आठवल्यासारखं करून म्हणाले, "ती कडीची भानगड काय? ही बाई वर येते का कधी?"

एचआरची मुलगी पटकन म्हणाली, "माझी नाही हं सर. मी तर इकडे जातच नाही, घरूनच जाऊन येते."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुम्हाला काही अडचण आहे का?"

नीट विचारलं हो त्यांनी. आवाज चढवला नाही, काही नाही. फक्त विचारलं. आणि मला त्या क्षणी पक्कं कळत होतं की मी 'हो, ती माझी तक्रार आहे' एवढं म्हटलं तर एकटी बाई आग लावते हे म्हणणं तिथेच कोसळतं. ऑफिसातली पंधरा वर्षांची मॅडमसुद्धा काकींच्या तोंडून बोलते म्हटल्यावर कोणाला काढणार ते? पाचव्या महिन्याचं नाव मला सांगावं लागलं नसतं. फक्त माझं सांगायचं होतं.

"नाही सर," मी म्हटलं. "मला काही अडचण नाही."

नंतर किती दिवस मी स्वतःला सांगत होते की त्या पोरीला वाचवण्यासाठी मी गप्प बसले. साफ खोटं. मला फक्त त्या केबिनमध्ये माझं नाव आणि ते बाथरूम एकत्र नको होतं.

काकींना वर बोलावलं. पत्र्याच्या जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या. त्या दारात उभ्या राहिल्या, पदराला हात पुसत. साहेबांनी बसा म्हटलं नाही. एकेक तक्रार वाचून विचारलं, "ही तुमची?"

"माझी."

"हे पाय?"

"माझेच."

"पाचवा महिना?"

"व्हय," काकी म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. एचआरची मुलगी पुन्हा हसली आणि या वेळी एकटीच हसली.

"आणि वरच्या बाथरूमची कडी?"

काकींनी माझ्याकडे बघितलं. एकदाच, आणि रागाने नव्हे. डबा खाताना मीठ कमी आहे का बघावं तेवढंच. माझ्यासाठी तेवढा वेळ थांबल्या त्या. मला आजही ठाऊक आहे की त्या थांबल्या होत्या. मी की-बोर्डवरची धूळ पुसत होते.

"ती पन माझीच," त्या म्हणाल्या.

साहेबांनी कंत्राटदाराला फोन लावला. सोमवारपासून या बाईला पाठवू नका. संपलं. एवढ्या वर्षांचं काम एका फोनवर संपलं, आणि तेही स्पीकरवर.

त्या खाली जायला निघाल्या तशी मी जिन्यापर्यंत मागे गेले. काय बोलणार होते देव जाणे. म्हटलं, "काकी, माझा नाइलाज होता."

त्यांनी पिशवीतून फोन काढला. जेवणाची सुट्टी झाली होती, फोन गेटवरून परत मिळाला होता. त्यांनी 'डबा' उघडला, आपला तो पहिला संदेश काढला आणि त्याच्या खालचा डोळा बोटाने दाबला. वाचलेल्यांची यादी उघडली. त्यांच्या सगळ्या बायका, आणि सगळ्यात खाली, दहा मिनिटांपूर्वीचं, माझं नाव.

"तूच शिकवलंस गो," काकी म्हणाल्या. मग फोन पिशवीत टाकून एक एक पायरी उतरत खाली गेल्या.

मी त्या दिवसापासून डबा वर खाते. खाली कोणी मला नको म्हटलं नाही. एकदा गेले होते, तर बायकांनी सरकून जागाही दिली. पण गोलात मीठमिरचीशिवाय काही बोलणं निघेना, आणि सगळ्यांनी फोन उपडे करून ठेवले होते. टेपच्या मशीनवरची पोर महिनाभरात दिसेनाशी झाली. कंत्राटदाराने काढली की तीच गेली, मला कळलं नाही. कळवणारं कोणी उरलं नव्हतं.

सॉफ्टवेअर आता सगळीकडे लागू झालंय. साहेब बैठकीत दाखवतात, बघा, तक्रारी शून्य. शिबिरातल्या लोकांना त्यांनी आमचा नमुना म्हणून फोटो पाठवले. माझ्या तक्त्याचं फार कौतुक झालं आणि मला एक प्रमाणपत्र मिळालं. ते मी खणात तळाशी, प्रिंटरच्या जुन्या कागदांखाली ठेवलंय.

आणि कडी. कडी बसली. साहेबच म्हणाले, "तेवढं करून टाका, नाहीतर परत कोणीतरी लिहील." सुतार आला, अर्ध्या तासात स्टीलची जाड कडी ठोकून गेला. मग सॉफ्टवेअरमध्ये ती तक्रार बंद करायचं काम माझ्याकडे आलं. मी ती उघडली. काकींचा फोटो, शटरच्या उजेडातला. 'वरच्या बाथरूमला कडी नाय, बायमानसान जायचा कसा.' खाली प्रश्न आला: तक्रारदाराचं समाधान झालं का? त्याचं उत्तर तक्रारदारानेच द्यायचं असतं. तक्रारदार कामावर नसेल तर ॲडमिनला तिच्या नावाने देता येतं. हीही सोय मीच तपासली होती, एकोणिसावी ओळ, हिरवा खाना.

मी काकींच्या नावाने 'होय' दाबलं. मग उठून बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली.